चिखल्याच्या घरट्यातली ज्वारी

३ जून २०२४
पोचलो. घाटंजीच्या घराला कुलूप लावल्यापासून इथल्या खोलीच्या दारापर्यंत बावन्न तास वीस मिनिटे. देश एस्टोनिया, थंड समुद्राचा काठ, आणि मी पक्षी-संवर्धनाचा स्वयंसेवक. बारावी नापास माणूस. पक्षी धरणाच्या काठी बसून शिकलो, इंग्रजी शब्दकोश उशाशी ठेवून. शेजारच्या पुंडलिकरावांची निकिता याच प्रकल्पात संशोधन करते. माझा अर्ज तिनेच भरला. भेटल्या भेटल्या म्हणाली, काका, बॅगेत कपडे किती अन् खायचं किती, ते आधी सांगा. बहिणीने, विजयमालेने दिलेला चिवड्याचा स्टीलचा डबा तिच्या हाती दिला. उभ्या उभ्या निम्मा संपवला पोरीने.

५ जून
काम माझ्या स्वभावाचे. कंठेरी चिखल्या इथे किनाऱ्यावरच्या खड्यांतच अंडी घालतो. आपल्या धरणावर दिसतो तो छोटा, हा त्याचा थोरला भाऊ. घरटे सापडले की तीन पावलांवर नंबराची खुंटी ठोकायची, अंडी मोजायची, तक्ता भरायचा. दोन दिवसांत अकरा घरटी. जुन्या तक्त्यातल्या दोन चुकाही काढून दिल्या. निकिता म्हणाली, काका, जरा दमानं, हे लोक आपल्याले जेवू घालून राह्यले.

७ जून
घरटे क्रमांक सहा. चार अंड्यांच्या मधोमध ज्वारीचे चार दाणे. भिजून फुगलेले, निळसर. या मुलखात ज्वारी पिकत नाही. निकिताला सहज विचारले, इथे बाजारात मिळते का. हसली. मले भेटली असती तर मी भाकरीबिगर राह्यली असती का, काका?
दाणे चिवड्याच्या रिकाम्या डब्यात ठेवले. तक्त्यात नोंद केली नाही. असे मी कधी करत नाही.

९ जून
आता अकराही घरट्यांत, मूठमूठ. वास घेतला. तो वास मी ओळखतो.
ही वही कोणी वाचत नाही, म्हणून लिहितो. सहा वर्षांपूर्वी पाखरे शेतातली कणसे नासवत होती. मी ज्वारी फवारणीच्या औषधात भिजवली, किलोला किती ते मापून, आणि धुऱ्यावर, बांधाच्या कडेने टाकली. त्याच आठवड्यात पेपरात माझा फोटो आला होता, पक्षीमित्र म्हणून. मग सांगणार कोणाला? राखणदार धावजीला एवढेच म्हणालो, मेलेली पाखरं पुरून टाक. कायले, ते बोललो नाही. धडधाकट दिसणारे तितर मातीत कोण घालील? त्याने दोन तांड्यावर नेले, भाजले, खाल्ले. त्याच्या बायकोचा, जमनीचा, उपास होता म्हणून ती वाचली.
अक्षर चांगले म्हणून पोलिसांनी पंचनामा मला लिहायला दिला. मी लिहिले, दारूच्या अतिसेवनाने मृत्यू. अख्ख्या तांड्याला ठाऊक होते. दारूला त्याने उभ्या जन्मात हात लावला नव्हता.
जमनी म्हणाली, भाऊ, तुमचं अक्षर लय सुंदर हाये म्हणतेत, वाचून दाखवा न.
वाचून दाखवले.

१० जून
तीन चिखल्या मेले. पाय वर, चोच उघडी. चिखल्या दाणा खात नाही, किडे खातो. तरी मेले. वाळूत पुरले. तक्त्यात लिहिले, घरटी ठीक.
भर दुपारी गोफणीचा फटका ऐकू आला. मग हुर्रर्र — लांबवलेले, शेवटी खोकल्याने तुटलेले. धावजी असाच ओरडायचा. सोबतच्या कोणालाही ऐकू आले नाही.

११ जून
मी चालतो तिथे मागे दगड पडतो. बरोबर तीन पावलांवर. मोजले.
घरट्यांतले दाणे वेचून डबा गच्च भरला. समुद्रात टाकावा तर — पुरावा तर — कपाटात ठेवला. निकिताला सांगायला पाहिजे, डब्याला हात लावू नको. पण ती विचारेल, काहून? उद्या सांगतो.

१२ जून, दुपारी एक
दारातच वास आला. निकिताने डब्यातली ज्वारी धुऊन, मिक्सरमधून काढून कण्या शिजवल्या होत्या. काका, अशी लपवून ठेवता होय, म्हणाली. तुमच्यासाठी झाकून ठेवल्या. तिची वाटी अर्धी झालेली. मी बोललो नाही. उभा राहिलो. किती वेळ — नक्की सांगता येत नाही.

दीड
निकिताच्या तोंडाला फेस. अँब्युलन्स आली. डॉक्टरीण विचारते, काय खाल्ले — नाव कळले तर उतारा देता येईल. माझे बोलणे तिला समजेना, म्हणून कागद दिला. एकच ओळ लिहायची. औषधाचे नाव मला पाठ आहे. वहीत आधी कच्चे लिहून पाहतो, स्पेलिंग चुकायला नको —

कागदावर लिहिले. अक्षर सुंदर. वाचले —

मी हे नाही लिहिले. खोडले. पुन्हा लिहिले. तेच. मराठीत, तेच. निकिता माझ्याकडे बघून राह्यली. खिडकीशी हुर्रर्र —

वहीत तरी खरे लिहितो. धावजी, लिहितो रे. हिच्या पोटात गेलं ते —

दारूच्या अति —