टाकीतलं पाणी निवळेना

सिंदी मेघे,
भाद्रपद, १९७९

प्रिय डोमाजी,

तुमच्या भाऊजींचा रामराम घ्या. हिंगणघाटात तुमची कंबर आणि बॅटरीचं दुकान, दोन्ही ठीक चालत असतील. (कंबरेला शेक, दुकानाला पंखा, उलट नको.)

आमच्या औषधशाळेत घोड्याच्या रक्तातून सर्पविषावरचं औषध काढतात, हे तुम्ही जाणताच. ते शुद्ध करताना त्यात अमोनियम सल्फेट नावाचं मीठ घालावं लागतं, आणि शेवटी ते कणभरही राहू द्यायचं नसतं. म्हणून औषध सेलोफेनच्या पिशवीत बांधून पाण्याच्या टाकीत सोडायचं. औषधाचा कण मोठा, तो आत राहतो. मिठाचा बारीक, तो बाहेर झिरपतो. बाहेरचं थोडं पाणी काचेच्या नळीत घेऊन त्यात बेरियमचा थेंब टाकला आणि पांढुरकं झालं, तर मीठ अजून आहे. (हे मी पुस्तकं वाचून शिकलो. मास्तर कोणी नाही, त्यामुळे दोष द्यायलाही कोणी नाही.)

डोमाजी, ती पिशवी पाण्यात अशी डुलते की बघता बघता आपणच पिशवीत आहोत आणि आपल्यातलं सगळं खारट हळूहळू झिरपून चाललंय, असं वाटू लागतं. मी पाणी बदलत होतो, थेंब टाकत होतो, डुलत होतो. पाणी दर वेळी पांढुरकं. आमचे साहेब प्रभाकरराव म्हणाले, "रूपराव, शनिवारपर्यंत निवळलं नाई, तर सगळं औषध ओतून देजो." इकडे निंदणाच्या बाया रोज कपाशीत, पायाशी साप. माझा जीव त्या टाकीत.

काल डुलकीत थेंब भलत्याच नळीत पडला. पिशवी अजून न बुडवलेल्या ताज्या पाण्यात. तेही पांढुरकं! डबा घेऊन आलेल्या तुमच्या ताईला हे सांगितलं, तर ती हसतच सुटली. "अहो, त्या पाण्यात रोज तुरटी कोण फिरवून राह्यलं?" मीच. विहिरीचं पाणी गढूळ, आणि इतक्या शुद्ध औषधाला गढूळ पाणी मी कसं देणार? तुरटीतही सल्फेटच असतं, आणि बेरियम सल्फेट दिसलं की पांढुरकं होतं, मग ते मिठातलं असो की तुरटीतलं. म्हणजे आतलं काढायला मी बाहेरून तेच घालत होतो, तेही गाळून, निवळून, मनापासून.

बाकी क्षेम.

तुमचा,
रूपराव

ता. क. : खरं काम राहिलंच. बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी दोन कॅन शुक्रवारच्या आत पाठवा. तेजाब भरलेला कॅन चालणार नाही; त्यातही हाच वैरी, सल्फेट. प्रभाकररावांना कारण कळवलेलं नाही, "उच्च प्रतीचं पाणी मागवलंय" एवढंच.

ता. क. (तुझ्या ताईचा, प्रमिलाचा) : डोमा, पाणी घेऊन तूच येजो अन् टाकीत तूच ओतजो. यायले हात लावू देऊ नको. हे ते पाणी पुन्हा साफ करतीन.