खाल्ल्यानंतर एक तास

१ जुलै, सकाळी ६:४०
आजपासून रोजनिशी लिहिणार. कारण लव्हॉनचं पत्र. ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी चर्चची मंडळी तळं पोहून पार करतात, त्यासाठी यंदा पासष्टच्या पुढच्यांना चाचणी. धक्क्यापासून तराफ्यापर्यंत आणि परत, अशा चार फेऱ्या, चाळीस मिनिटांत. तीन शनिवारी तीन संधी. नापास झालेल्यांनी जेवणाच्या होडीत बसायचं, बटाट्याच्या सॅलडशेजारी.

ही लव्हॉन माझी विद्यार्थिनी, माझ्या गृहशास्त्राच्या वर्गात होती. तिचा केक कायम मधोमध खचायचा. आता समितीची अध्यक्ष आहे.

एकोणीस वर्षं लाल टोपी घालून सगळ्यांच्या पुढे मी पोहते. यंदाही मीच पोहणार. फोन करून तिला तसं सांगितलं. म्हणाली, "बाई, नियम सगळ्यांना सारखाच आहे हो." मला नियम शिकवते.

गेल्या वर्षी अर्ध्या वाटेत मी नवऱ्याच्या, व्हर्लिनच्या होडीला दोन मिनिटं हात लावला होता, तेवढंच धरून बसलेत. दोनच मिनिटं. वयाचा काही संबंध नाही. त्या दिवशी नाश्त्याची वेळ चुकली होती.

३ जुलै
लायब्ररीतून आहारावरची सात पुस्तकं आणली. सातही एकमेकांशी भांडतात. एक म्हणतं रिकाम्या पोटी व्यायाम करा, दुसरं म्हणतं केळं खा, तिसऱ्याच्या लेखकाचा फोटो पाहिला आणि पुस्तक मिटलं. शर्ट न घालता फोटो काढणाऱ्याकडून मी काय शिकणार?

शेवटी माझा मीच तक्ता केला. पूर्ण जेवण तीन तास आधी. फळ दीड तास आधी. आणि काहीही खाल्लं तर पुढचा एक तास पाण्यात पाय नाही. हा नियम मी एकतीस वर्षं शिकवला. माझा एकही विद्यार्थी पोटात गोळा येऊन बुडालेला नाही. आणखी कसला पुरावा हवा?

तक्ता फ्रीजवर लावला. व्हर्लिनने वाचला आणि फ्रीज उघडून चीज काढलं.

४ जुलै, रात्री
स्वातंत्र्यदिन. परेडनंतर दोन सॉसेज, मक्याचं एक कणीस, रुबार्बचे तीन गोड बार. रुबार्ब ही भाजी आहे. तक्ता उद्यापासून.

९ जुलै
ओट्स वजन करून. उकडलेलं एक अंडं. कॉटेज चीज अर्धी वाटी. सगळं मिनिटावर.

पोहणं: नाही. आधी आहार पक्का होऊ दे. पाया न घालता छप्पर चढवणारी माणसं या गावात भरपूर आहेत, त्यांची छपरं मी पाहिलीत.

व्हर्लिन रोज सहाला तळ्यावर जातो. धक्का बघून येतो म्हणतो. येतो तेव्हा केस ओले असतात. डॉक्टरांनी गुडघ्यासाठी पोहायला सांगितलंय म्हणे. काय खाऊन जातोस विचारलं, तर म्हणाला, "जे समोर असेल ते." आज समोर कालचं थंड पॅनकेक होतं. उभ्याने खाल्लं, घडी घालून. एकाहत्तर वर्षांचा माणूस.

१३ जुलै
तक्त्याप्रमाणे हिशेब केला. नाश्ता, त्यानंतरचे तीन तास, फळ, औषधाची गोळी (ती दुधाबरोबरच घ्यावी लागते), दुपारचं जेवण. पोहायला योग्य वेळ उरते ती १०:५० ते ११:२०. नेमक्या त्याच वेळी धक्क्यावर लहान मुलांची शिकवणी असते. त्या पाण्यात मी उतरणार नाही. तीस मुलं आणि एकही बाथरूमकडे जाताना दिसत नाही.

२० जुलै, दुपारी १
पहिली चाचणी. पुस्तक क्रमांक चारप्रमाणे रिकाम्या पोटी गेले. शरीर साठलेली चरबी जाळतं, असं लेखक म्हणतो. माझ्या शरीराला हे कुणी कळवलेलं दिसत नाही. दीड फेरीनंतर तराफ्याला धरून थांबले. आकाश बघत होते. लव्हॉन स्वतः होडी घेऊन आली आणि हातात बिस्किट दिलं. "बाई, सकाळपासून काही खाल्लंय का?" म्हटलं, हा खाजगी प्रश्न आहे. बिस्किट खाल्लं. खाल्ल्यामुळे परत पोहून जाणं नियमात बसेना, म्हणून तिच्या होडीतून आले.

निष्कर्ष: पुस्तक क्रमांक चार मूर्ख आहे. आज पुस्तक नापास झालं.

२६ जुलै
व्हर्लिनने चाचणीसाठी नाव दिलंय. एकोणीस वर्षं जेवणाची होडी वल्हवणारा माणूस. का, विचारलं. म्हणाला, "बघू या जमतं का." बघू या! या दोन शब्दांवर त्याचं आख्खं आयुष्य चाललंय, आणि चाललंय याचीच मला चीड येते.

रात्री त्याच्या ताटातलं थोडं खिम्याचं मीटलोफ चाखलं. मीठ बघायला.

३ ऑगस्ट, संध्याकाळी ६
दुसरी चाचणी. झाली नाही. दोष एल्मर स्कोगनचा. नव्वदाव्या वर्षी बुधवारी वारला आणि अंत्यविधी नेमका आज. चर्चच्या तळघरातलं जेवण माझ्याकडे असतं. दुसऱ्या कुणाकडे दिलं तर माणसं पुन्हा पुरावी लागतील.

चाचणी दहा ते चार कधीही द्या, असं होतं. अकराला खिमा-बटाट्याचा हॉटडिश ओव्हनमधून काढला. चव घेतली. म्हणजे बाराच्या आधी पाण्यात जाता येईना. पावणेबाराला हॅमचा एक काप. पावणेएक. साडेबाराला कुणीतरी हिरवी जेली आणली, त्यात किसलेलं गाजर. संशय आला, चमचाभर खाऊन पाहिली. दीड. मग कॉफी. कॉफी चालते, पण तिच्याबरोबर बार आला. हे असं साडेतीनपर्यंत चाललं. स्वयंपाकघरातल्या बायका म्हणाल्या, "अर्डिस, अगं चमचाभर जेलीने कोण बुडतं?" तत्त्वाला चमचा आणि पातेलं सारखंच, असं मी सांगितलं. त्या हसल्या. या बायका जेलीत गाजर घालतात.

चार वाजून वीस मिनिटांनी धक्क्यावर पोचले. समिती घरी गेली होती.

व्हर्लिन पास. छत्तीस मिनिटं. अंत्यविधीचं जेवण दोनदा वाढून घेऊन, तिथून थेट गेला होता. लव्हॉनचं घड्याळ तपासायला हवं.

१० ऑगस्ट
सकाळी व्हर्लिन पलंगाच्या कडेला बसून म्हणाला, "उठ. चल माझ्याबरोबर. खाण्याचं राहू दे, नुसती पाण्यात उतर." नाश्ता झाल्याशिवाय मी कुठेही उतरत नाही, हे त्याला त्रेचाळीस वर्षांत कळलेलं नाही.

दारातून परत वळला. म्हणाला, "अर्डिस, मला तुझ्यापुढे पोहायचं नाही गं. मला आपली होडीच बरी. पण तू पास झाली नाहीस, तर ते टोपी मला देणार आहेत."

म्हटलं, ती काळजी तू करू नकोस, तुझ्या डोक्याला ती टोपी बसायचीही नाही.

दिवसभर नवा तक्ता केला. तीन रंगांत.

१५ ऑगस्ट
आज मात्र सगळं जुळलंय. ओट्स ५:५०, केळं ८:२०, पाणी घोट घोट. वजन अर्ध्या पौंडाने कमी. (एक पौंड व्हायला हवं होतं. उरलेला अर्धा काट्याचा दोष.) शनिवारी तिसरी चाचणी. अशा तयारीनिशी गावातलं कुणीही कधी पाण्यात उतरलेलं नाही. बाकीचे नुसते पोहत बसतात.

१७ ऑगस्ट, दुपारी २
ओट्स ६:००. केळं ८:३०. पाण्यात १०:०२. पोटात गोळा नाही, चक्कर नाही, भूक नाही. आहार शंभर टक्के यशस्वी.

पहिली फेरी उत्तम. दुसरीत हात जड झाले. तिसरीत ते माझे आहेत असं वाटेना. चौथी पूर्ण केली. त्रेपन्न मिनिटं.

चाळीस मिनिटं झाली तेव्हा लव्हॉनने शिट्टी वाजवायला हवी होती. वाजवली नाही. घड्याळ खिशात टाकलं आणि मी येईपर्यंत टॉवेल घेऊन उभी राहिली. हा अपमान म्हणून नोंदवते.

टॉवेल देताना हळूच म्हणाली, "बाई, या उन्हाळ्यात तुम्ही किती वेळा पोहलात?"

म्हटलं, मी या उन्हाळ्यात एकशे अठ्ठेचाळीस वेळा मोजून खाल्लंय.

"तसं नाही हो बाई. पोहायला किती वेळा आलात?"

प्रश्न अप्रस्तुत होता. पण आजचं धरून दोनदा.

१९ ऑगस्ट
फ्रीजवरचा तक्ता कुणीतरी काढून टेबलावर ठेवलाय. व्हर्लिन म्हणतो, त्याने नाही. मग मीच काढला असेन. सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही.

२५ ऑगस्ट, रात्री ९
तळं पार झालं. मी होडीत होते.

मुद्दाम लिहून ठेवते, होडी वल्हवणं पोहण्यापेक्षा अवघड आहे. एकीकडे सॅलड, दुसरीकडे बन, मधे मी, आणि होडी सारखी डावीकडे वळते. सगळे पुढे गेले. लव्हॉन किनाऱ्यावरून ओरडत होती, "बाई, उजवं वल्हं! उजवं!" एकतीस वर्षांत माझ्यावर कुणी ओरडलं नव्हतं.

व्हर्लिन टोपी घालून निघाला. घट्ट बसली होती, कपाळावर वळ उठला. अर्ध्या वाटेत मागे वळून पाहिलं आणि जागच्या जागी पाय मारत थांबला. बाकीचे त्याच्या बाजूने पुढे गेले. मी जवळ गेल्यावर होडीचा काठ धरून म्हणाला, "एक बन दे." म्हटलं, मधोमध खाशील आणि बुडशील. "मग तू आहेस की होडी घेऊन," म्हणाला. खाल्ला. लोणी लावलेला. मग माझ्या होडीच्या वेगाने शेजारून पोहत राहिला. मी सगळा वेळ त्याच्याकडे बघत होते. त्याला काही झालं नाही.

आम्ही दोघं शेवटी पोचलो. टोपीवाला शेवटी, असं आजवर झालं नव्हतं.

मघाशी म्हणाला, "उद्या सहाला येशील? कुणी घड्याळ लावणार नाही."

येईन म्हटलं.

२६ ऑगस्ट, सकाळी ७:०५
पाचलाच जाग आली. पोटाला आधार हवा म्हणून अर्धा टोस्ट खाल्ला. ५:३०. सहाला धक्क्यावर गेले. व्हर्लिन कमरेइतक्या पाण्यात उभा होता. "ये," म्हणाला. साडेसहाला येते म्हटलं. बरं म्हणाला. उभा राहिला. सव्वासहाला ओठ निळे पडले, तेव्हा मीच त्याला म्हटलं, तू जा पुढे.

साडेसहाला एक पाय घातला. पाणी फार गार होतं. घोट्यापर्यंत गेले आणि परत आले.

तो अजून पोहतोय, खिडकीतून दिसतो. मी का उतरले नाही, त्याचं कारण लिहायला वही उघडली होती. खाण्याशी काही संबंध लागत नाही.