‘जोडीदार’ या शब्दावर पांढरा रंग लावू नये

मी, सचित्र साहसकथांचा निवृत्त चित्रकार, ओळखीत ‘पेन्सिल’, लिहून ठेवतो की माझी बुद्धी शाबूत आहे आणि माझ्या जिभेला हाड नाही. दोन्ही गोष्टी वकीलबाईंना मान्य आहेत. हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाखाली लिहीत नाही. दडपणाखाली लिहायचे ते नोकरीत लिहून झाले. ही दुसरी प्रत आहे. पहिलीवर मी सवयीने शिसपेन्सिलीने सही केली आणि शाईवाल्याने सवयीने तिच्यावरून शाई फिरवली. वकीलबाईंनी कपाळाला हात लावला.

कलम १. राहते घर, गॅलरीतल्या कुंड्यांसह, शाईवाल्याला. मी पेन्सिलीने काढायचे, त्याने शाईने पक्के करायचे, असा आमचा धंदा आणि संसार एकाच टेबलावर झाला. वकीलबाईंनी विचारले, “नातं काय लिहू? मित्र लिहू का?” मी म्हटले, “आणा इकडे, मीच लिहितो.” नाते: जोडीदार. पुतण्याचा या घरावर डोळा आहे आणि तो शाईवाल्याला ‘काकांचे भाडेकरू’ म्हणतो. माझ्या आजारपणात रात्रंदिवस उशाशी बसला तो हाच भाडेकरू. पुतण्याला माझी छत्री मिळेल. ती उघडत नाही.

कलम २. हाच शब्द का, तेही सांगून ठेवतो. आमचा वीर झंझावात आणि त्याचा जोडीदार गडगडाट झगे घालून जगाला वाचवायचे आणि घरी येऊन एकाच किटलीतला चहा प्यायचे. त्यावर पालक-संस्कार मंडळाने मोर्चा काढला. अध्यक्ष एक मुख्याध्यापक. आमच्या अंकाचा विटाळ नको म्हणून तो चिमट्यात धरून आले, तेव्हापासून ते चिमटेसर. भर सभेत म्हणाले, “दोन धडधाकट पुरुष एका घरात राहतात आणि एकालाही लग्नाची घाई नाही. याचा अर्थ काय?”

मी म्हणालो, “सर, चित्र आम्ही काढलं. अर्थ तुम्ही काढलात.”

संपादकांची गाळण उडाली. संवादाच्या प्रत्येक फुग्यातल्या ‘जोडीदार’वर पांढरा रंग लावून ‘सहायक’ लिहायला लावले. शिवाय दोघे एकटे दिसायला नकोत म्हणून प्रत्येक चौकटीत एक आत्या घालायला लावली. आत्या विणकाम घेऊन ज्वालामुखीत गेली, चंद्रावर गेली. पुढे तिला सोबत हवी म्हणून आम्ही एक शेजारीण दिली. दोघी एकाच शालीत बसायच्या. मंडळाला त्यात काही वावगे दिसले नाही.

कलम ३. सगळे अंक भाचीला. ती कॉलेजात हेच शिकवते. तिच्या मते आत्या म्हणजे समाजाची नजर. मला विचारत होती, “मामा, हे सगळं तुम्ही मुद्दाम केलंत ना?”

“मुद्दाम कसलं गं? रोज सकाळी समोर दिसायचं तेच काढलं.”

तिचे डोळे भरून आले. शाईवाला गडगडाटावर बोट ठेवून म्हणाला, “मी इतका जाडा नव्हतो.”

कलम ४. चिमटेसरांना काहीही देत नाही. हा राग नव्हे. ज्याला मृत्युपत्रात काही मिळते त्याला साक्षीदार करू नये, असे वकीलबाई म्हणतात. म्हणजे ज्याने सगळे पाहिले तो शाईवालाच बाद. पुतण्या कोर्टात जाणार हे नक्की, आणि चिमटेसरांची सही खोटी म्हणायची या गल्लीत कोणाची छाती नाही, म्हणून साक्षीदार तेच. हल्ली ते तळमजल्यावर एकटे राहतात, संध्याकाळी शाईवाल्याशी कॅरम खेळतात आणि हरले की बोर्डच वाकडा आहे म्हणतात. जुना विषय आमच्यात कधी निघाला नाही. आता हा कागद वाचायला समोर बसले आहेत. त्यांचे लाल पेन अजून खिशात असते, आणि खरे सांगतो, मला त्याची भीती वाटते.

कलम ५. माझ्या पश्चात त्या शब्दावर कोणीही पांढरा रंग लावू नये.

स्थळ: राहते घर, कामाचे टेबल.
दिनांक: वकीलबाईंच्या शिक्क्याप्रमाणे.

सही: पेन्सिल
(स्वतःच्या हाताने, शाईने. शाईवाला शेजारी उभा राहून “रेघ थरथरली” म्हणतो आहे.)

साक्षीदार: वकीलबाई

साक्षीदार: निवृत्त मुख्याध्यापक, तळमजला
(मजकूर वाचला. कलम १ मध्ये लाल पेनाने एक दुरुस्ती केली असून शेजारी माझी सही आहे. चित्रकाराने ‘जोडिदार’ लिहिले होते. ‘डी’ दीर्घ हवी. शब्द तोच ठेवला आहे.)