सांजेपर्यंत थांबलेले निरोप

माय,

‘जलमणं-मरणं सोडलं तर समदं सांजपतोर थांबतंय.’ हे तू म्हणायचीस, आणि म्हणताना मान वर करून बघायचीसुद्धा नाहीस. केजच्या स्टँडजवळ बाबांच्या किराणा दुकानाचा एक कोपरा काढून तिथं काचेचा खोका उभा केला होता. आत एसटीडीचा फोन, वर लाल आकडे पळणारं मीटर. बाबा साखर तोलायचे, फोन तुझा होता. घरोघरी फोन यायला अजून अवकाश होता, म्हणून पुण्याला नोकरीला गेलेली पोरं आणि लांब दिलेल्या लेकी आपल्याच नंबरवर फोन करायच्या आणि ‘आईला एवढं सांगा’ म्हणून निरोप ठेवायच्या. कुणाच्या जन्माची किंवा मरणाची बातमी आली की तू हातातलं टाकून निघायचीस. एकदा तर कणकेच्या हातांनीच गेलीस. बाकी सगळं दिवेलागणीपर्यंत थांबायचं. कुणी कुरकुर केली की म्हणायचीस, ‘दिवसभर मी रस्त्यावर ऱ्हायले तर सैपाक काय ह्यो फोन करंल व्हय?’

थांबलेला निरोप तू डोक्यात ठेवायची नाहीस. पाकिटातली एक टिकली काढून काचेच्या दाराला लावायचीस. वरच्या गल्लीतली घरं दाराच्या वरच्या अंगाला, खालच्या गल्लीतली खाली. कोणती टिकली कुणाची, ते तुलाच कळायचं. मी विचारलं तर म्हणालीस, ‘डोक्यात कावून ठेवू? डोकं मला दुसऱ्या कामाला लागतंय.’ तंबाखूची पुडी घ्यायला येणारा कंडक्टर ते दार बघून हसायचा. ‘वहिनी, दाराचं लगीन लावलं का काय?’ तू लगेच म्हणायचीस, ‘लावलं की. वऱ्हाड सांजच्याला निघतंय, येता का?’ एकदा युसूफ वडगाव या जवळच्या गावातल्या एका पुढाऱ्याचा माणूस मुंबईला फोन करून घाम पुसत बाहेर आला. वरच्या गल्लीतल्या एका कार्यकर्त्याला साहेबांनी बोलावलं होतं. निरोप आत्ताच्या आत्ता जायला हवा होता आणि याला वडगावची जीप धरायची होती. तू विचारलंस, ‘कुनी मेलं का?’ ‘न्हाई ओ.’ ‘कुनी बाळंत झालं?’ ‘तिकिटाचं हाय ओ वहिनी, इलेक्शनच्या तिकिटाचं!’ ‘मग सांजच्याला.’ ‘तवर तिकीट दुसराच कुनी न्हेईल की!’ ‘न्हेऊ द्या. त्यालाबी निरोप आमीच सांगू.’ बाबांच्या हातातला तराजू हसून हसून हलायला लागला.

मी तो नियम एकदा मोडला. सातवी-आठवीत असेन. समोरच्या काकूंच्या मुलाचा पुण्याहून फोन आला होता: कंपनीत लागलोय, पण दिवाळीला सुट्टी नाही. तू टिकली लावलीस आणि पाणी भरायला गेलीस. मला वाटलं, एवढ्याशा निरोपाला संध्याकाळ कशाला हवी? मी रस्ता ओलांडला, त्यांच्या दारातूनच ओरडले, ‘काकू, तुमचा दादा दिवाळीला येनार न्हाई!’ आणि पळत येऊन टिकली काढून टाकली. एक काम संपवल्याचा केवढा आनंद झाला होता. तू आलीस आणि आधी दाराकडे बघितलंस. मी म्हणाले, ‘सांगून आले.’ ‘बसलीस?’ ‘कुठं?’ ‘त्यांच्यापाशी.’ मी नाही म्हणून मान हलवली. तू घागर खाली ठेवलीस. ‘निरोप टाकून आलीस व्हय? पेपर टाकनारी हायस का तू?’ आणि दुसरी टिकली काढून त्याच जागी लावलीस.

त्या संध्याकाळी तू मला बरोबर नेलंस. काकू अंगणात ज्वारी निवडत बसल्या आहेत. त्यांना बातमी दुपारीच कळली आहे, पण तू ती कळलीच नसल्यासारखी येतेस, कपाळाची विभूती पुसणार नाही अशा बेतानं पदर सारखा करतेस आणि सुपासमोर बसून खडे वेचायला लागतेस. बऱ्याच वेळानं म्हणतेस, ‘आवाज बरा होता पोराचा. जेवलास का म्हनलं, तर म्हनतो, मेसमधी भाकरच भेटत न्हाई.’ काकू हसतात, आणि हसता हसता पदर तोंडाला लावतात. तू त्यांना गप्प करत नाहीस. आणखी एक खडा वेचून बाजूला टाकतेस. मी कंटाळून पाय हलवते आहे, आणि तू माझ्या गुडघ्यावर हात ठेवून ते थांबवतेस. तिथून आणखी तीन घरं. घरी पोचलो तेव्हा बाबा ताट घेऊन बसले होते. ‘लोकांच्या घरी बसून झालं आसंल तर आमालाबी वाढ.’

तू गेलीस त्या वर्षी दुकानातला फोन अजून होता, पण गावात मोबाइल आले होते आणि दारावर एखाददुसरीच टिकली दिसायची. मी आता चाळिशी ओलांडली आहे. अंबाजोगाईत राहते, लिहिते. दिवसाची घडी कशी बसवावी, फोनच्या मुठीत कसं जाऊ नये, यावर रविवारच्या पुरवणीत माझं सदर येतं. कॉलेजं व्याख्यानाला बोलावतात. तिथं मी जे सांगते ते सगळं तुझं आहे. त्याला मी ‘सांजेचा नियम’ असं नाव दिलंय. सकाळी फोनचा आवाज बंद करायचा, तो कपाटात ठेवायचा, काम करायचं, आणि सगळ्यांना उत्तरं संध्याकाळी एकदम द्यायची. टिकल्यांची गोष्ट सांगितली की टाळ्या पडतात, मुली वहीत लिहून घेतात. मी नुसतं सांगत नाही, पाळतेही. माझी दोन पुस्तकं त्या नियमाच्या जोरावरच झाली. पण माय, पहिल्या लेखात काकूंच्या अंगणातला परिच्छेद होता. तो मीच काढला. तुझ्या त्या बसण्यात अख्खी संध्याकाळ जायची, आणि माझा लेख वेळ वाचवण्यावर होता. तुझी तेवढी गोष्ट त्यात बसत नव्हती. विसरले असते तर एवढी लाज वाटली नसती. मला सगळं आठवत होतं, आणि मी ते कापलं.

तू न पाहिलेली तुझी नात लातूरला होस्टेलवर राहते. डॉक्टरकीच्या प्रवेशासाठी तिला तिथल्या क्लासला घातलं होतं. पावसाळ्यात तिचे फोन दुपारी यायचे. माझा फोन कपाटात. संध्याकाळी मी एकेकाला उत्तरं देत बसायची, त्यात तीही. ‘काय गं, बरी आहेस ना? जेवलीस?’ तिचं ‘हो’ आलं की मी अंगठ्याचं चित्र पाठवायची आणि पुढच्या नावाकडे वळायची. कधी मनात आलं असेल की लावावा फोन, पण अजून बरीच नावं राहिलेली असायची. हळूहळू तिचे दुपारचे फोन थांबले. मला वाटलं, पोरगी रुळली. एका व्याख्यानात मी ते उदाहरण म्हणून सांगितलंसुद्धा: घरच्यांनाही सवय लागते, बघा.

गेल्या आठवड्यात जेवताना हे म्हणाले, ‘तिनं क्लास सोडलाय. महिना होत आला. खोलीत बसून असते.’ ‘तुम्हाला कुणी सांगितलं?’ ‘तिनंच, काल. मेसच्या मावशींना पहिल्यापासून माहीत आहे.’ आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘तू तिच्यावर ओरडू नकोस.’ मी उष्ट्या हातानं उठले आणि फोन लावला. ‘मला का नाही सांगितलंस?’ पलीकडून भांड्यांचा आवाज येत होता. ती मेसमध्ये असावी. मग म्हणाली, ‘मम्मी, कुणी मेलं नव्हतं गं.’ टोमणा नव्हता तो. लहान मुलाला समजावावं तसं तिनं मला सांगितलं. तुझं वाक्य तिनं माझ्याच सदरात वाचलं होतं, आणि ते खरं मानून ती इतके दिवस शहाण्यासारखी गप्प राहिली होती.

त्यानंतर ती फोन उचलत नाही. संध्याकाळी तिचा एक मेसेज येतो, ‘मी बरी आहे’, आणि पुढं अंगठा. हे म्हणतात, थोडे दिवस जाऊ देत. लातूर काही लांब नाही, गाड्याही सारख्या असतात. दोनदा मी साडी नेसून तयार झाले आणि गेले नाही. ती रागावेल याची भीती नाही मला. तिच्या खोलीत जाऊन बसेन, ती काही बोलणार नाही, आणि थोड्या वेळानं माझा हात आपोआप पर्समधल्या फोनकडे जाईल. ती ते बघेल. सगळ्या जगाला थांबवून ठेवण्याची सवय मी लावून घेतली, पण एका माणसापाशी नुसतं बसायला मला आता येत नाही. हे अजून यांनाही बोलले नाही.

हे पत्र कुठं टाकणार? लिहून झालं की घडी करून पुस्तकात ठेवीन. पण मागायचं ते मागून घेते. एकदा तिच्याकडे जा. तिला समजावू नकोस, माझी बाजू तर अजिबात मांडू नकोस. कॉटवरची पुस्तकं सरकवून जागा कर आणि ती बोलेपर्यंत बस, किंवा नाही बोलली तरी बस. तू नाही म्हणशील. लेक तुझी, तूच जा, म्हणशील, आणि चूल बघायला वळशील. माहीत आहे मला. तरी विचारते, माय. माझ्याऐवजी, एवढ्या एकाच वेळेला, तू जाशील का?