फोडणीविना शेंगोळे

४ जून
रियाचा मेसेज, अमेरिकेहून. तिची आई, माझी सुजू, गेल्यापासूनचा पहिलाच. बारा वर्षांची नात, मराठी येत नाही. जावई तेलुगू, त्यांनाही नाही. सुजूची कॉलेजातली डिक्शनरी काढून तासभर अर्थ लावला. आईसारखे शेंगोळे करायचेत, कृती हवी. रडू आवरेना.

५ जून
हुलग्याचं पीठ घेऊन बसले. करत जायचं, लिहीत जायचं. मळणं, नीड. शिजवणं, बॉईल. वळण्यापाशी गाडी अडली. रोल लिहिलं तर पोरगी लाटणं घेऊन बसायची! बोटांचा फोटोच काढला. हे डोकावून म्हणाले, "मास्तरीण झालीस की गं." हसले. दीड महिन्यात पहिल्यांदा. मग हसल्याचंच वाईट वाटलं.
पाठवलं.

९ जून
रियानं केले. फोटो. खाली, 'नॉट लाइक मॉम.' बास, एवढंच. हे वाचायला डिक्शनरी लागली नाही.

१० जून
सगळी क्रियापदं तपासली. बरोबर आहेत. मग चुकलं कुठं?
संध्याकाळी हे ताटावर म्हणाले, "फोडणी कदी देणार हायेस? का जलमभर उकडलेलंच खायाचं?"
घास हातातच राहिला. दुखवट्यात आपल्यात फोडणी देत नाहीत. सुजूच्या वेळी जाऊबाई म्हणाल्या, "लगीन झाल्याली लेक परघरची. तीनच दिस सुतक." नऊ महिने पोटात, आणि तीन दिवस? मी दिलीच नाही फोडणी, आजतागायत. जसं केलं तसं लिहिलं. तेल नाही, जिरं नाही, लसूण नाही. पोरीला सुतकातलं खाऊ घातलं मी, तिच्या आईचं म्हणून.

११ जून
फोडणीला शब्द सापडेना. फ्राय म्हणजे तळणं, ते नव्हे. करूनच दाखवायला पाहिजे. पण फोडणी दिली म्हणजे सुजू गेली हे कबूल केल्यासारखं. दोनदा गॅस बंद केला.
तिसऱ्यांदा फोन धरून व्हिडिओ केला. जिरं तडतडलं, लसूण लाल झाला, घरभर वास. हे दारात डोळे पुसत उभे, आत येईनात. माझं हुंदके देणंही व्हिडिओत आलंय. पुन्हा करायचं बळ नाही. तसाच पाठवला.

१२ जून
रियानं बघितलाय, निळ्या खुणा दिसतात. उत्तर नाही.
ह्यांनी शेंगोळे दोनदा मागून घेतले. "खा की गं तू बी." माझी वाटी झाकून ठेवलीय. रियाचे कसे झाले ते कळू दे आधी...