हातावरचं मीठ

आये, तुला वाचता येत नव्हतं आणि मला लिहिता येत नाही, तरी हे पत्र चाललंय. मी बोलते, सून लिहिते. मध्येच थांबून ती म्हणते, "आई, हळू सांगा." मी म्हणते, मीटिंगमध्ये सगळे भराभर बोलतात ते बरं कळतं तुला. हेही तिने लिहून टाकलं बघ, हसत हसत. तू गेलीस त्याला इतकी वर्षं झाली की आता तुझ्याहून मीच म्हातारी आहे. तेव्हा थोडं अधिकाराने बोलले तर रागावू नकोस.

मी नेदरलँड्समध्ये आहे, आइंडहोवनला, लेकाकडे. पाहुणी म्हणून आले आणि रोगाने सगळे रस्ते बंद केले, म्हणून राहिले. तो रोग तू पाहिला नाहीस ते बरं. माणसाने माणसाला शिवायचं नाही. किराणा आणणारा पोरगा पिशव्या दाराशी ठेवायचा, चार पावलं मागे सरायचा, मग आम्ही उचलायच्या. मी खिडकीतून बघायची आणि मला तू आठवायचीस. म्हटलं, सगळं जग मिठासारखं द्यायला-घ्यायला लागलं.

आठवतं का तुला? शेजारच्या काकूने मीठ दिलं, मी पोरीने हात पुढे केला, आणि तू मनगटावर अशी चापट मारलीस की मीठ अंगणभर झालं. "खाली ठेव म्हणायचं, मग उचलायचं. हातावर मीठ घेतलं की भांडण लागतं." दिवसभर मिठागरात पोटऱ्यांपर्यंत मिठात उभी राहणारी तू, आणि चिमूटभर मिठाचा एवढा धाक. मी रडले. मग तू उलट्या हाताने माझा गाल पुसलास. तळहाताला भेगा होत्या ना तुझ्या, आम्हाला टोचतील म्हणून तू कायम उलट्या हाताने कुरवाळायचीस. माझी लग्नाआधीची सगळी माया तुझ्या हाताच्या मागच्या बाजूची आहे.

तर माझी नात. बारा वर्षांची. मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र डचमध्ये, आणि अगदीच उपकार करायचे असले तर मोडक्या मराठीत. आधी माझ्या पांघरुणात शिरून झोपायची. त्या हिवाळ्यात तिला शाळेतून सर्दी आली, तपासलं तर तोच रोग. मागोमाग मला. मी दवाखान्यात नाकाला नळी लावून पडले आणि परत आले. आले म्हणजे आलेच, सांगण्यासारखं त्यात काही नाही. पण पोरगी बदलली. जेवणाचं ताट माझ्या दाराबाहेर ठेवायची, दार वाजवायची, "आजी, एतन" म्हणायची आणि जिना उतरून जायची. एतन म्हणजे जेवण. मी दार उघडेपर्यंत जिन्यावर फक्त तिचे मोजे दिसायचे. मी बरी झाले, सुया टोचून घेतल्या, डॉक्टर म्हणाला आता हरकत नाही, तरी तेच. भांडण नाही, हट्ट नाही, सगळ्याला हो. एवढी गुणी नात देवाने वैऱ्याला देऊ नये. पुढे सुनेनेच मला सांगितलं, पोरगी रात्री तिला म्हणाली होती, आजीला मी आजारी केलं.

सून लिहायची थांबली आहे. लिही गं, झालं ते सगळं.

मे महिन्यात लेकाने टूम काढली, बोनेरला जाऊ. ते एक बेट आहे, समुद्रापार, विमानात अख्खा दिवस जातो, तरी राज्य इथल्याच लोकांचं. थंडीतले पाहुणे निघून गेलेले, उन्हाळ्याच्या सुट्टीवाले अजून यायचेत, असे हे मधले दिवस. सगळं निवांत मिळतं म्हणे. मी म्हटलं, वैशाखात घरात बसायचं सोडून उन्हात कोण जातं? तो म्हणाला, "आई, तिथे मिठागरं आहेत." मग मी लगेच बॅग काढली.

आये, तू ते बघायला हवं होतंस. वाफ्यांतलं पाणी सोलकढीच्या रंगाचं. खोटं नाही, सुनेला विचार. आणि पलीकडे मिठाच्या राशी, आपल्या घराच्या दुप्पट उंच, उघड्या. वर पेंढा नाही, कुणाची घाई नाही. आपल्याकडे वैशाखात ढग दिसला की तू चूल सोडून पळायचीस, राशी झाकायला. इथे आभाळ तसंच कोरडं. मला उगीच वाटत राहिलं, तुला इथे नोकरी लागली असती तर दुपारची झोपली असतीस जरा.

रस्त्याच्या कडेला पांढऱ्या खोपट्या आहेत, माझ्या खांद्याला लागतील एवढ्या. लेकाने सांगितलं, पूर्वी विकत आणलेली माणसं इथे मीठ काढायची आणि यात झोपायची. घर पार लांब, बेटाच्या दुसऱ्या टोकाला. नात वाकून आत गेली आणि लगेच बाहेर आली. मग लांबूनच म्हणाली, "आजी, तुझी आई पण हे करायची?"

किती महिन्यांनी तिने मला काहीतरी विचारलं होतं. मी म्हटलं, "हो, करायची. पण संध्याकाळी घरी यायची. आणि मला मारायची."

"का मारायची?"

"तुझ्यासारखी गुणी नव्हते म्हणून."

ती हसली नाही. वाफ्याच्या काठाशी बसली, खडे उचलून बघू लागली. मग एक खडा घेऊन आली, बोराएवढा, काचेसारखा. नेहमीच्या अंतरावर थांबली. आणि काय झालं कुणास ठाऊक, ठेवायला आसपास ओटा नव्हता, टेबल नव्हतं म्हणून असेल, तिने हात लांब करून तो खडा तळहातावर माझ्यापुढे धरला.

माझ्या तोंडात आलंच होतं, खाली ठेव. शब्द माझे नव्हते, तुझे होते. मनगटसुद्धा चुरचुरलं. पण आये, इतके महिने ती पोर खालीच ठेवत होती. आता मी खाली ठेव म्हटलं असतं तर तिने जन्मभर ठेवलं असतं.

मी मिठासकट तिचा हात धरला.

ती ओढायला लागली. मी सोडला नाही, म्हाताऱ्या बोटांना पकड बरी असते. मग मराठीत म्हणाली, शब्द जुळवत जुळवत, "मी तुला आजारी केलं."

"तू? एवढीशी तू? तुझ्या आजोबांना जन्मभर जमलं नाही ते."

तेव्हा रडली. आडवी-तिडवी, नाक गळेपर्यंत. मी उलट्या हाताने तिचं तोंड पुसलं. माझ्या तळहाताला भेगा नाहीत, तरी उलटाच हात गेला. लेक धावत येत होता, सुनेने त्याला बाहीला धरून थांबवलं. तेवढं एक काम तिने शहाण्यासारखं केलं. हो, हेही लिही.

आणि तुझं खरं झालं बरं का. त्याच संध्याकाळी तिचं-माझं पंख्यावरून भांडण. परतताना विमानात खिडकीवरून भांडण. घरी आल्यावर तर विचारू नकोस. माझी भाकरी कडक, माझ्या टीव्हीचा आवाज मोठा, मी तिच्या खोलीत न विचारता जाते. परवा माझ्या तोंडावर दार आपटलं. लेक म्हणाला, "हिला झालंय तरी काय?" मी म्हटलं, काही नाही, मी चुकून मीठ घेतलं तिच्या हातून. त्याला कळलं नाही. सून मात्र ओट्याकडे तोंड करून हसत होती.

तो खडा स्वयंपाकघराच्या खिडकीत वाटीत आहे. इथल्या दमट हवेत त्याला घाम फुटतो, रोज थोडा लहान होतो. सून विचारते, या पत्राच्या कागदाचं काय करायचं. मी म्हटलं, ठेव कुठेतरी, तिथे कोण वाचून दाखवणार आहे आयेला.

एक सांगायचं राहिलं. इथल्या डॉक्टरने मला मीठ कमी करायला सांगितलंय, आणि मी करते. पण रोज जेवताना मी नातीला म्हणते, भाजी अळणी झालीय. ती कुरकुरत उठते, चिमूटभर मीठ आणते, आणि मी हात पुढे करते. खात नाही गं. ताटाच्या कडेला तसंच ठेवून देते.