हुस्नाच्या वाटणीची खोली

१४ नोव्हेंबर २०२५, शुक्रवार. काल माझी मयत पत्नी जन्नतबी हिचा चाळीसवा झाला. आज जुम्म्याच्या नमाजेनंतर वकीलसाहेब आणि भाईजान घरी आले. चहा झाला. मग हे मृत्युपत्र लिहायला बसलो.

मी शेख जिलानी, वय ६७, निवृत्त शिक्षक, राहणार उदगीर. बीपीची एक गोळी सोडली तर तब्येत ठीक, डोके ठिकाणावर. कोणी लिही म्हटले म्हणून लिहीत नाही.

१. आम्हाला मूल झाले नाही. हुस्ना ही जन्नतबीच्या मयत बहिणीची मुलगी. तीन वर्षांची असताना जळकोटहून आणली. तिचा बाप एका कामावर महिनाभर टिकत नसे. हैदराबादला जातो म्हणून गेला, तो आलाच नाही. शाळेत तिचे नाव घालताना वडिलांच्या रकान्यात मी माझे नाव लिहिले आणि काम झाले असे समजलो. आता वकीलसाहेब सांगतात, त्याने ती वारस होत नाही. आमच्या कायद्याने मला एक तृतीयांशच तिला देता येते. बाकीचे भाईजान, म्हणजे माझे थोरले भाऊ मुज्तबा, यांचे. ते राजी असतील तरच तिला.

२. घर तीन खोल्यांचे. रस्त्याकडची खोली, शिलाई मशीन व कात्र्या हुस्नाला.

३. भाईजानना भिंतीवरचे घड्याळ. ते नेमके जेवणाच्या वेळी येतात. हुस्ना लहान असताना ते म्हणाले होते, "बापावर जाईल बघ. कुठं टिकायची न्हाई." हे मी विसरलेलो नाही.

४. पस्तीस वर्षे मी वर्गात बोललो. हुस्नाला घरी काही शिकवल्याचे आठवत नाही. जन्नतबी लहान मुलींचे फ्रॉक शिवताना खालच्या दुमडीत चार बोटे कापड जास्त ठेवायची. पोरगी वाढली की उसवून लांब करून द्यायची, त्याचे पैसे घ्यायची नाही. हुस्ना शेजारी बसून बघायची. जन्नतबी गेल्यावर तीन आठवड्यांनी एक बाई हुस्नाने शिवलेला फ्रॉक न्यायला आली. मी दुमड उलटून पाहिली. चार बोटे होती. हे जन्नतबीमुळे झाले, तिचे आभार मी कधी मानले नाहीत. ते इथे मानतो.

५. उरलेल्या दोन खोल्यांचे भाईजानना आजच विचारले. "माझ्यामागं हिला बाहेर काढणार का?"

"येडा हाईस का? माझ्या नातीचा फ्रॉक हिनंच शिवलाय. तिसऱ्या ईदीलाबी तोच चालायलाय. सगळं घर तिचं. कुठं सही करू?"

वकीलसाहेब म्हणाले, "आता चालत नाही. तुमची संमती सरांच्या पश्चात लागते."

"म्हंजे मी ह्याच्या आधी मरायचं न्हाई! वयानं मोठा हाय मी, वकीलसाहेब. लई अवघड काम दिलंत."

आत हुस्ना हसली. चाळीस दिवसांत पहिल्यांदा.

कलम ३ मधले शेवटचे वाक्य काढणार होतो. वकीलसाहेब म्हणाले, खाडाखोड नको.

वरील मजकूर मी वाचून, समजून सही केली; साक्षीदारांनी ती पाहून आपल्या सह्या केल्या.

शेख जिलानी
साक्षीदार: बालाजी व्यंकटी बिरादार, शेजारी
पंचशीला सूर्यवंशी, माजी सहशिक्षिका
स्थळ: उदगीर

सगळे गेले. हुस्ना भाईजानबरोबर त्यांच्या नातीचे माप घ्यायला गेली आहे. आठ दिवसांनी नळाला पाणी आले आहे. पाईप लावतो, हौद भरून घेतो.